शटर काय शिकलं

१

सुनीतीबाईंना कोणी काही शिकवलेलं खपत नसे. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाचं असं होतंच. भिवंडीतल्या एका शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून बँकेतला मुलगा असो की मोबाईलच्या दुकानातला, "आजी, हे असं दाबा" म्हणाला की बाईंचं नाक वर. "मला वाचता येतं," म्हणायच्या आणि माहितीपुस्तक मागून घ्यायच्या. यजमान शरच्चंद्र वकील वारले, त्यानंतर एकसष्टाव्या वर्षी त्या गाडी चालवायला शिकल्या. शिकवणाऱ्याला घाम फुटला, पण लायसन पहिल्या फटक्यात मिळालं.

घर भिवंडीतच, टेमघरला. पुढे अंगण, आणि मागे गल्लीत उघडणारा गाळा. सासऱ्यांच्या काळात त्या गाळ्यात एका विणकराचे चार लूम होते. ते कधीच गेले, आता तिथे गाडी उभी असे. गाळ्यातून एक दार थेट स्वयंपाकघरात येई. गल्लीपलीकडे अजून लूम चालतात, दिवसरात्र खडखडतात, पण टेमघरच्या माणसाला ते ऐकू येत नाही. शुक्रवारी सुट्टीला बंद पडले की मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

जुलैत त्याच गाळ्याचं शटर हाताने उचलताना बाईंच्या कमरेत चमक भरली. तासभर गाडीच्या चाकाला टेकून बसल्या होत्या, मग रांगत घरात आल्या. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नसती, पण डॉक्टरांनी मुलाला कळवली. मुलगा सुयश, सून वल्लरी, दोघं टोरांटोला. जाताना आपली विलायती गाडी आईच्या गळ्यात मारून गेलेला हा मुलगा आता तिथून उंटावरून शेळ्या हाकायला लागला. पुण्याला ज्येष्ठांच्या वसाहतीत एक खोली त्याने धरून ठेवली. ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारपर्यंत हो की नाही ते तिथे कळवायचं होतं. खोली नको असेल तर चोवीस तासांची बाई ठेव, तिसरा मार्ग नाही, असं त्याचं म्हणणं.

सुनीतीबाईंना दोन्ही नको होतं. त्यांना त्यांचं घर हवं होतं. सकाळी कुठल्या खिडकीतून ऊन कुठल्या फरशीवर येतं हे जिथे त्यांना डोळे मिटून सांगता येई, तेच घर. घंटा वाजली की जेवायला जायचं आणि भिंतीवर खिळा ठोकायचा तर ऑफिसात विचारायचं, त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. एकटेपणाचं काय, असं सुयश विचारायचा. एकटेपणा होता. तो त्या कबूल करत नसत, एवढंच. सुयश तिकडे गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत घर इतकं गप्प झालं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी बाई दचकायच्या.

शेवटी तडजोड म्हणून सुयशने शटरला मोटर बसवून दिली. गाडीत आरशाखाली तीन बटणं होतीच, प्रत्येकावर इवलंसं घर काढलेलं. मोटरला ते बटण ओळखायला शिकवलं की गाडीत बसूनच शटर उघडणार होतं.

"पण मोटर बसली म्हणून पुण्याचं रद्द झालं असं समजू नकोस हं, आई," तो म्हणाला होता.

२

मोटर बसवायला हरेश आला, तो खारबावचा. गोदामांची शटरं बसवण्यात त्याची हयात गेलेली. घरचं शटर म्हणजे त्याला खेळणं. गुरुवारी दुपारपर्यंत त्याने सगळं उरकलं, हातातला एक रिमोट मशीनला शिकवून दाखवला आणि बाईंना समोर उभं केलं.

"बाई, ह्यो मशीनच्या पोटाशी गोल बटण हाय ना, त्यो दाबला की मशीन शिकायला बसते. हिरवा दिवा लागतो. मग समोर ज्यो रिमोट दाबाल त्यो ध्यानात ठेवते. हिरवा दोनदा लुकलुकला की समजा शिकली."

"पुस्तकात तीस सेकंदांची मुदत लिहिली आहे," बाई म्हणाल्या. पुस्तक त्यांनी आदल्या दिवशीच वाचून काढलं होतं.

"ती मी काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे?"

"तीस सेकंदात तुमी स्टुलावरनं उतरून गाडीत बसणार कशा? कंबर हाय का तशी? गोडाऊनला आमी मुदत ठेवतच न्हाय. बारा ड्रायव्हर लायनीत येतात, एकेक आपला रिमोट दाबतो नि जातो. तुमी निवांत शिकवा. झालं की गोल बटण परत दाबा, मशीन शिकायची थांबेल."

"आणि दाबायचं राहिलं तर?"

"तर शिकत राहील. पण तुमी मास्तरीण, तुमी थोड्याच इसरणार?"

किती रिमोट शिकवले ते बघायचं असेल तर गोल बटण हलकंच टेकवायचं, जितके रिमोट तितक्यांदा लाल दिवा लुकलुकतो, हेही त्याने सांगितलं. बाईंनी ते पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाचच्या सुमाराला त्या कामाला लागल्या. आपला हात जगन्नाथ. उजेड यावा म्हणून शटर पूर्ण वर केलं. गाडीत बसून हातातला रिमोट आरशापाशी धरला, पहिल्या घराचं बटण दाबून ठेवलं. पिवळा दिवा आधी सावकाश, मग भराभर लुकलुकला. गाडी शिकली. आता मशीनची पाळी. बाई स्टुलावर चढल्या, गोल बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. कंबर सांभाळत उतरल्या, गाडीचं दार उघडलं, आणि फोन वाजला.

सुयश होता. तिकडे सकाळ झालेली, कामावर जाण्याआधी त्याला आईची काळजी करायची असे.

"बुधवारी मला त्यांना कळवायचंय. तू अजून काही बोलत नाहीस."

"मी बोलले आहे. मी कुठेही जाणार नाही."

"मग बाई ठेव."

"माझ्या घरात परकं माणूस मला नको. आंघोळीला गेले तरी कोणीतरी बाहेर बसलेलं."

"आई, जुलैत तू तासभर पडून होतीस. उद्या काही झालं तर मला इथून यायला दीड दिवस लागतो. दीड दिवस तू—" तो थांबला. "माझा विचार कर ना जरा."

बाई बोलत बोलत घरात आल्या, बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या. बोलणं वाढलं. शब्दाने शब्द वाढतो तसं वाढलं, आणि "बुधवारी संध्याकाळी फोन करतो, तेव्हा शेवटचं सांग" एवढ्यावर तुटलं.

फोन ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईंनी देवापुढे दिवा लावला, पुढचं दार उघडलं. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडायचं आणि मागचं लावून घ्यायचं, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. बाईंचा त्यावर विश्वास होता असं नाही. सूर्य का मावळतो हे भूगोलाच्या बाईंना चांगलं ठाऊक असतं. पण अडतीस वर्षांत हात आपोआप मागच्या कडीकडे जायचा. त्या दिवशी गेला नाही. डोकं रागाने भणभणत होतं. त्या खोलीतला दिवा न लावता खुर्चीत बसून राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा पुसायचं टाळलं, कारण पाहायला कोणी नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आठवलं. मागचं शटर सताड उघडं होतं आणि मशीन अजून शिकत बसलं होतं.

३

स्वयंपाकघराचं दार ढकलून त्यांनी गाळ्यात पाहिलं. आत अंधार, गाडी काळी दिसत होती. शटरच्या चौकोनातून गल्ली दिसत होती, समोरच्या कारखान्याची भिंत, एक बंद दुकान, पाण्याची टाकी. माणूस नव्हतं. शुक्रवार, त्यामुळे लूमही गप्प. छताशी हिरवा दिवा तेवढा जळत होता.

बाई त्याच्याकडे बघत होत्या आणि तो दोनदा लुकलुकला.

रिमोट कुठे आहे हे त्यांना आधी आठवेना. मग दिसला, गाडीच्या काचेमागे ठेवला होता तिथेच. गाडीला तर हात लागला नव्हता. हमरस्त्याने गेलेल्या कुठल्या ट्रकाचा, कुठल्या गोदामाचा सिग्नल लागला असणार, बाईंनी स्वतःला सांगितलं. मग गाडीत बसून पहिल्या घराचं बटण दोनदा दाबलं. हिरवा दिवा पुन्हा दोनदा लुकलुकला, म्हणजे आता गाडी शिकवून झाली. स्टुलावर चढून मशीनचं शिकणं बंद केलं. बटण दाबलं, शटर निमूट खाली आलं. काम फत्ते. याच गोष्टीसाठी सुयशने दुसऱ्याला बोलावलं असतं, असं मनात येऊन बाईंना बरंही वाटलं.

जाता जाता सवयीने त्यांनी उत्तर ताडून पाहिलं. गोल बटणाला बोट टेकवलं. हातातला एक, गाडीतला एक.

लाल दिवा तीनदा लुकलुकला.

४

शनिवारी लूम सुरू झाले, त्यामुळे घर पुन्हा घरासारखं वाटत होतं. संध्याकाळी बाई भाजी निवडत बसल्या होत्या. पुढचं दार उघडं, मागचं लावलेलं, कडीसकट. सहा वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील. भिंतीपलीकडे मोटर गुरगुरली.

रिमोट समोर टेबलावर होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग गवारीची शेंग खाली ठेवली. कडी काढून दार उघडलं तोवर शटर वर जाऊन थांबलेलं. पूर्ण नाही, बाईंच्या खांद्याएवढं. बाईंनी दाबलं की ते नेहमी छतापर्यंत जायचं. त्याखालून गल्लीतला मळकट उजेड आत आला होता, गाडीच्या पुढच्या दिव्यांपर्यंत. मिनिटभर तसंच राहिलं. मग पुन्हा गुरगुर झाली आणि शटर खाली आलं, जमिनीला टेकलं.

बाईंनी गाळ्यातला दिवा लावला, गाडीभोवती फिरून पाहिलं, खाली वाकूनसुद्धा पाहिलं. काही नव्हतं. तो तिसरा रिमोट, दुसरं काय. कोणीतरी आपल्या घराचं दार उघडतंय आणि त्याबरोबर हेही उघडतंय. उघडलं तसं बंद झालं, म्हणजे तो माणूस आपल्या घरात गेला. सगळं बरोबर जुळत होतं, आणि बाईंनी समाधानाने कडी घातली.

रविवारी पुन्हा तेच, तीच वेळ. या खेपेला बाई आधीच दारात उभ्या होत्या. शटर खांद्याएवढं उठलं. उजेड आत आला. मिनिट गेलं. शटर खाली आलं. एवढंच तर झालं होतं, पण खाली येताना बाईंच्या डोक्यात एक प्रश्न आला आणि तो काही केल्या जाईना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. उघडायला एकदा बटण दाबावं लागतं, बंद करायला एकदा. उघडणारा बाहेर उभा होता, हे ठीक. बंद करताना तो शटरच्या कुठल्या बाजूला होता?

त्या रात्री त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला आतून खुर्ची लावली. आणि झोपताना स्वतःचीच लाज वाटली, कारण खुर्ची लावताना त्या पाऊल न वाजवता चालत होत्या.

५

सोमवारी सकाळी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, हरेशला फोन. दुसरी, भांडी घासायला येणाऱ्या रंजिताला विचारलं, चार दिवस रात्रीची राहशील का.

रंजिता डोंगराकडच्या पाड्यावरून चालत यायची. ती हातातली कढई धरून बघतच राहिली. "मी? रातची? माझी धाकली लहान हाय, बाई. तिला कोन बघंल?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमाला तर कुनी नको असतं. काय झालंय का?"

"काही नाही गं. कंबर."

"तेल लावून देऊ?"

बाई नको म्हणाल्या. खरं सांगितलं असतं तर रंजिताने विश्वास ठेवलाही असता. पण रंजिता नाक्यावर चार जणींत बोलणार, त्यातून ते फिरत फिरत डॉक्टरांकडे जाणार, आणि डॉक्टर टोरांटोला फोन लावणार. भिंतीला कान असतात आणि टेमघरच्या भिंतींना तर तोंडही असतं.

हरेशचं तर त्याहून सोपं झालं. तो दुपारी आला नाही, पण त्याने सुयशला व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, 'बाई बोलतात शटर आपोआप उघडतो, येऊन बघतो'. बिचाऱ्याने कामाचं म्हणून कळवलं. सुयशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज फार मऊ होता. तो रागावला असता तर बरं, असं बाईंना झालं.

"आई, शटर आपोआप उघडतंय का? तू स्वतः बघितलंस?"

"माझाच हात रिमोटला लागला होता. हरेशला काय, तिळाचा ताड करायची सवय."

"आणखी काही होतं का तुला? विसरायला, दिसायला असं काही?"

"सुयश, मला कावीळ झालेली नाही. मला सगळं नीट दिसतं."

तो हसला नाही. "बुधवारी बोलू," म्हणाला.

आता बाईंना नीट कळलं की कुणाला काही सांगण्याची सोय संपली. शटर उघडतं म्हटलं तर आईचं डोकं फिरलं आणि पुण्याची खोली पक्की. घर हवं तर तोंड शिवून बसायचं. त्यांनी पुस्तक काढलं, आणि आधी गाडीतली सगळी बटणं पुसली: दोन्ही टोकांची घरं वीस सेकंद दाबून ठेवायची, की गाडी सगळं विसरते. मग स्टुलावर चढून मशीनचं गोल बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरलं. मशीन विसरलं. फक्त हातातला रिमोट पुन्हा शिकवला, लगेच शिकणं बंद केलं आणि बोट टेकवून मोजलं.

लाल दिवा दोनदा लुकलुकला. म्हणजे मशीन एक गोष्ट विसरायला तयार नव्हतं.

सहा वाजून बारा मिनिटांनी शटर उठलं.

६

मंगळवारी बाई गाडीत जाऊन बसल्या. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दाराआडून ऐकण्यापेक्षा समोरून पाहिलेलं बरं, एवढं एक कारण होतं. माणूस असेल तर दिसेल. कुत्रं असेल तर दिसेल. काही नसेल तर बिघाड आहे, आणि बिघाडाला त्या घाबरत नसत. गाडीची चारही दारं आतून लावली. किल्ली फिरवून डॅशबोर्डचे काटे-दिवे चालू केले, पुढचे दिवेही लावले, इंजिन नाही. तोंड शटरकडे होतंच, कारण गाडी नेहमी उलटी आत घ्यायची हा वकिलांचा दंडक होता. मांडीवर पर्स घेऊन बसल्या, जशा काही कुठे निघाल्या होत्या.

गल्लीपलीकडे लूम खडखडत होते. घड्याळात सहा दहा झाले, सहा अकरा. मोटर गुरगुरली. शटर उठलं. गाडीच्या दिव्यांत त्याच्या खालच्या पट्टीची धूळ स्पष्ट दिसली. खांद्याएवढं येऊन थांबलं. बाहेर समोरची भिंत होती, त्यावर लावलेली क्लासची जाहिरात होती, आणि कोणीही नव्हतं. बाईंनी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. उंबऱ्यापासून गाडीपर्यंत पाच-सहा पावलांची जमीन, तीही दिव्यांत लख्ख. तिथून काही आलं नाही. हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या.

शटर खाली आलं. बाईंनी श्वास सोडला.

तेव्हा गाडी किंचित डाव्या अंगाला कलली, आणि डॅशबोर्डमधून टिंग टिंग असा आवाज सुरू झाला.

तो आवाज त्यांना ओळखीचा होता. बाजारातून येताना जड पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की व्हायचा. डॅशबोर्डवर एक लाल चित्र लागतं, पट्टा लावलेल्या माणसाचं. त्याचा अर्थ पुस्तकात दिलेला आहे: शेजारी कोणी बसलं आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही.

बाईंनी मान वळवली नाही. डोळ्यांच्या कडेने सीट दिसत होती, तेवढी पाहिली. रिकामी होती. गादीच्या मधोमध मात्र खळगा पडला होता, आणि तो बघता बघता जरा सरकला, माणूस नीट टेकून बसतो तसा. टिंग टिंग चालूच होतं. बाईंची पाचावर धारण बसली होती, हात पर्सच्या पट्ट्यावर आवळले होते. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. आठ महिन्यांत त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. कांदे बसले, गहू बसले, औषधांची पिशवी बसली. आणि आता कोणीतरी बसलंय म्हटल्यावर त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी, अगदी क्षणभर, सैल पडलं.

मग त्यांनी किल्ली काढली, दार उघडलं आणि कमरेची पर्वा न करता स्वयंपाकघरात पळाल्या. मागे टिंग टिंग थांबलं होतं. गाडीचं दार लावल्याचा आवाज झाला. बाईंनी ते लावलं नव्हतं.

७

बुधवारी सकाळपासून त्यांनी सुयशला काय सांगायचं त्याची तयारी केली. दिवाळीपर्यंत मुदत दे म्हणायचं. फिरायला जाते, रंजिता सकाळी येते, फोन सतत हाताशी असतो, असं एकेक मुद्देसूद. वर्गात नकाशा लावताना नेसायच्या तशी चांगली साडी नेसल्या. सहाला देवापुढे दिवा लावला, पुढचं दार उघडलं, आणि मागच्या दाराशी कान लावून उभ्या राहिल्या.

सहा बारा झाले. सहा पंधरा. साडेसहा झाले तरी मोटर वाजली नाही. पावणेसातला बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. शटर जमिनीला टेकलेलं, गाडी उभी, सगळं जागच्या जागी. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच दाराला टेकून हसल्या. गेलं. ज्याचा कोणाचा रिमोट होता तो दुसरीकडे राहायला गेला असेल, किंवा त्याचा सेल संपला असेल. घर परत आपलं झालं.

दार लावून कडी घातली. पुढच्या खोलीत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या, पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला. पाठ स्वयंपाकघराकडे. मग, मुद्दे मनात घोळवताना, तो जुना हिशोबी प्रश्न पुन्हा आला. शटर चार वेळा उघडलं होतं आणि चारही वेळा ते आत येण्यासाठी होतं. बाहेर जाण्यासाठी एकदाही नाही. आज ते आलं नाही, की काल गेलंच नाही?

फोन वाजला. सुयशचा चेहरा आला, मागे वल्लरी चहा ओतत होती.

"बोल आई," तो म्हणाला. "काय ठरवलंस?"

"हे बघ, मी नीट विचार केलाय. दिवाळीपर्यंत—"

पण तो आईकडे बघत नव्हता. डोळे बारीक करून तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. आणि मग त्याचा चेहरा असा सुटला, असा मोकळा झाला, की तसा बाईंनी तो वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

"अगं, ठेवलीस की बाई. सांगायचं नाही का?"

बाईंनी तांब्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला.

"वल्लरी, बघ, आईने बाई ठेवली. आई, किती बरं केलंस. मला गेला महिनाभर झोप नाही गं." त्याने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "लाजते का ती? भिंतीकडे तोंड करून उभी आहे."

फोनच्या कोपऱ्यात छोटा चौकोन होता, त्यात बाईंना आपला चेहरा दिसत होता, आणि आपल्या मागची खोली. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं. मग अंगठा त्यावर ठेवला.

"आई? चोवीस तासांची आहे ना?"

दोन वाक्यं होती. त्यांतलं एक म्हणायचं होतं. घरात कोणी नाही, असं म्हटलं तर सुयश आज रात्री विमानात बसेल, परवा बाई पुण्याच्या खोलीत असतील, घंटा वाजली की जेवायला जातील. आणि इथे मागे, या घरात, जे उभं आहे ते उभंच राहील. घर त्याचं होईल.

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "चोवीस तासांची."

"मग मी पुण्याला नाही कळवून टाकतो. आता तू म्हणशील तितके दिवस राहा तिथे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाव काय तिचं?"

तोंडाला जे आलं ते त्यांनी सांगितलं. "मैना."

"बोलव ना तिला जरा. मला आभार मानू दे."

"कामात आहे ती."

"आई." तो पुन्हा तसा मऊ बोलला. सोमवारी बोलला होता तसा, आणि त्याच्या कपाळावर ती आठी उमटायला लागली. "एक मिनिट तर बोलव. नुसतं दिसू दे मला."

पुढच्या दारातून संध्याकाळचा गार वारा येत होता. अंगणातून कोणी जात असतं तर बाई दिसल्या असत्या, चांगली साडी नेसून टेबलाशी ताठ बसलेल्या. त्यांनी ओठ ओले केले. मागे न वळता, अडतीस वर्षं या घरात ज्या आवाजात त्यांनी माणसांना जेवायला बोलावलं होतं, त्याच आवाजात हाक मारली.

"मैना, जरा इकडे ये गं."

"आले हं," खुर्चीच्या अगदी मागून उत्तर आलं, आणि सुयश हसून नमस्कार करायला लागला.